शाळेसाठी ऑनलाईन प्लॅटफॉर्म कसा निवडायचा: कोकणातल्या शिक्षकांसाठी

दरवर्षी जून आला की शिक्षकांच्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरायला लागतो, सर यंदा कोणतं ॲप घ्यायचं, आणि खाली उत्तरं येतात ती सगळी नावांची. कोणी म्हणतं गुगल क्लासरूम, कोणी मायक्रोसॉफ्टचं टीम्स, कोणी म्हणतं व्हॉट्सॲप आहे की, अजून काय पाहिजे. मला वाटतं नावापासून सुरुवात केली की पुढचं सगळं चुकत जातं. मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठलीही शाळा घ्या, तिथे काय चालेल हे ठरतं मुलाच्या घरी फोन किती वाजता येतो आणि त्या घरात रेंज कुठे मिळते यावरून, ॲपमध्ये सोयी किती आहेत त्यावरून नाही. म्हणून त्याच क्रमाने लिहितेय, आधी घर, मग काम, मग ॲप. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा असो की संस्थेचं हायस्कूल, पायऱ्या त्याच, शेवटी निवड वेगळी निघेल इतकंच.

पहिली पायरी: फोनची वही

शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पालकसभेतच भरायला सुरुवात करा. "तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का" हा प्रश्न विचारू नका, बहुतेक घरांतून हो असंच येतं आणि त्या हो मधून काहीच कळत नाही. विचारायचं ते असं: फोन कोणाचा, तो माणूस घरी किती वाजता असतो, त्याच फोनवर घरातली किती मुलं अभ्यास करणार, सिम कोणत्या कंपनीचं, रेंज घरात येते की वर सड्यावर जावं लागतं, रोजचा डेटा किती, आणि फोनमध्ये जागा किती शिल्लक आहे. जागेचा प्रश्न सगळे विसरतात आणि नंतर अर्ध्या वर्गाचं ॲप इन्स्टॉलच होत नाही. जे पालक सभेला येत नाहीत त्यांच्याकडे जाता-येता थांबून विचारा, कारण नेमकी त्यांचीच माहिती जास्त लागते. सिंधुदुर्गात आजीला विचारलंत तर ती सांगते, "फोन बापाशीकडे आसा, तो रातीक येतलो", ते जसंच्या तसं वहीत उतरवा, त्याच्याइतकं कामाचं उत्तर दुसरं नाही.

एक ओळ कशी भरते ते बघा. मुलगा सातवीतला, खालच्या वाडीत घर. फोन वडिलांचा, ते होडीवर जातात, ते गेले की घरात आजीचा बटणाचा फोन. बहीण चौथीत, तिचा अभ्यासही त्याच फोनवर. घरात रेंज नाही, खळ्यात एक काडी येते, पाखाडी चढून देवळाशी गेलं की बरी मिळते. रोज दीड जीबी, त्यातला संध्याकाळपर्यंत निम्मा संपलेला. गॅलरी भरलेली. आता हे वाचल्यावर सकाळी दहाच्या लाईव्ह तासाचा विचार करायची गरजच उरत नाही, ॲप कुठलंही असू दे. त्या मुलाला चालेल ते एकच, रात्री फोन हातात आल्यावर दहा मिनिटांत उतरवून घेता येईल आणि मग रेंज नसतानाही उघडेल असं काहीतरी.

ही वही एकदा करून भागत नाही हे लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत मच्छीमार घरांतले फोन दिवसभर घरी असतात, ऑगस्टपासून तेच फोन समुद्रात जातात, म्हणजे जूनमध्ये लिहिलेली वेळ नारळी पौर्णिमेनंतर बदललेली असते. आंब्याच्या दिवसांत बागेत राखणीला असलेल्यांचं तसंच. ज्या घरातले वडील मुंबईला आहेत तिथे फोन आईकडे असतो पण रिचार्ज मुंबईहून होतो, तो चार दिवस उशिरा झाला की मूल चार दिवस गायब, आणि आपण समजतो अभ्यास केला नाही.

वही भरली की एका वर्गाची सगळी पानं समोर ठेवून दोन गोष्टी काढा. जास्तीत जास्त फोन घरी असतात ती वेळ कोणती, आणि सगळ्यात अडचणीतली तीन-चार घरं कोणती. पुढचं सगळं या घरांना धरून ठरवायचं. त्यांना चाललं की बाकीच्यांना चालतंच, उलटं होत नाही.

दुसरी पायरी: काम कोणतं ते ठरवा

प्लॅटफॉर्म म्हटलं की डोळ्यासमोर सगळं एकदम येतं, पण वर्गाची कामं मोजून चार. सूचना आणि स्वाध्याय पाठवायचा, मुलांनी केलेलं परत घ्यायचं, न समजलेलं समजावून सांगायचं, आणि चाचणी घ्यायची. यातलं तुम्हाला आज खरोखर कोणतं अडतंय ते एका वाक्यात लिहा. "पावसात शाळा बंद राहिली तर स्वाध्याय पोचत नाही" हे एक काम झालं. "दहावीच्या मुलांचा सराव तपासायला वेळ पुरत नाही" हे वेगळं, आणि दोघांना लागणारं साधनही वेगळं. पहिली ते चौथीला तर मूल शाळेतच शिकतं, घरी फक्त पालकांपर्यंत निरोप जायला हवा, त्यांच्यासाठी मोठं काही उभं करू नका. ज्या शाळेत पट वीसच्याही खाली आहे, आणि आपल्याकडे अशा शाळा खूप आहेत, तिथे बाईंनी वाडीत एक फेरी मारली तर जे कळतं ते कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही.

तिसरी पायरी: आता नावं

व्हॉट्सॲप. जवळपास प्रत्येक फोनवर आधीच आहे, आजीलाही उघडता येतं, कमी रेंजमध्ये मेसेज थोडा थांबतो पण जातो. आवाजाचा मेसेज तर फारच उपयोगी, पाच मिनिटांचं समजावून सांगणं साधारण एका एमबीच्या आसपास बसतं, उलट तासभराच्या व्हिडिओ कॉलला अर्धा जीबी सहज जाऊ शकतो. पण अडचणीही खऱ्या आहेत. ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, म्हणजे वर्गातल्या सगळ्या आयांचे नंबर सगळ्यांकडे जातात, हे पालकांना आधी सांगा आणि ज्यांना नको असेल त्यांना ब्रॉडकास्ट लिस्टने, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो तसा, पाठवा, फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असायला लागतो, नाहीतर मेसेज पोचत नाही. ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील असं करून टाका, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली स्वाध्याय गाडला जातो. मुलांनी वहीचे फोटो ग्रुपवर टाकायचे ही पद्धत तर बंदच करा. तीस मुलं, प्रत्येकी दोन पानं, एका आठवड्यात सगळ्या पालकांचे फोन भरतात, आणि कच्च्या मुलाची वही अख्ख्या गावाला दिसते ते वेगळंच. फोटो शिक्षकाच्या नंबरवर पालकाच्या फोनवरूनच यावेत, आणि तुमच्या फोनचं मीडिया ऑटो डाऊनलोड बंद असावं.

गुगल क्लासरूम. २०१४ पासून आहे, मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि मुलांनी काम कधी दिलं, कोणी दिलं नाही, हे एका यादीत दिसतं, आठवीच्या वरच्या वर्गांना खरोखर चांगलं आहे. मूल क्लास कोड टाकून आत येतं. पण त्यासाठी गुगल खातं लागतं, आणि आपल्याकडे १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं साधं खातं काढता येत नाही, पालकांनी फॅमिली लिंक या गुगलच्या पालकांसाठीच्या सोयीतून काढून द्यावं लागतं. मुलाचं जन्मवर्ष खोटं टाकून खातं काढायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो, तो कृपा करून देऊ नका, आपण शिक्षक आहोत. खरी वाट अशी की शाळेच्या नावाने गुगलची शाळांसाठीची सेवा, वर्कस्पेस फॉर एज्युकेशन, घ्यायची, त्याची मूळ योजना पात्र शाळांना मोफत आहे, फक्त शाळेचं स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, लागतं आणि शाळा असल्याची पडताळणी होते. संस्थेच्या हायस्कूलला हे जमण्यासारखं आहे, एकट्या प्राथमिक शाळेला जड जातं, तिथे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, शाळांनी मिळून काही करता येतं का ते केंद्रप्रमुखांशी बोलून बघा.

गुगल फॉर्म. चाचणीसाठी मला हे सगळ्यात जवळचं वाटतं, कारण क्लासरूम नसतानाही नुसत्या लिंकवर चालतं आणि मुलाला खात्याची गरज पडत नाही. मात्र तीन गोष्टी सांभाळा. एक, "एकदाच उत्तर" अशी मर्यादा घातली की खात्यात लॉगिन करावं लागतं आणि एकाच फोनवरच्या बहीण-भावातलं दुसरं अडकतं, म्हणून ती मर्यादा काढा आणि नाव-हजेरी क्रमांक हा पहिला प्रश्न ठेवा. दोन, फोटो अपलोड करायचा प्रश्न घातला तरी लॉगिन मागतं. तीन, आणि हे गणिताच्या शिक्षकांनी नीट बघा, लहान उत्तराच्या प्रश्नाला तुम्ही बरोबर उत्तर २५ असं देवनागरीत दिलंत आणि मुलाने इंग्रजी आकड्यात पंचवीस लिहिलं तर फॉर्म ते चूक धरतो. मूल बरोबर असतं आणि त्याला शून्य दिसतं, ते बघून त्याचा चेहरा पडतो. उत्तराच्या किल्लीत दोन्ही प्रकारचे आकडे घालून ठेवा, "२५ सेमी" असंही घाला. शिवाय फॉर्म भरताना मधेच रेंज गेली तर लॉगिन नसलेल्या मुलाचं लिहिलेलं टिकेलच असं नाही, म्हणून पंचवीस प्रश्नांची एक चाचणी न घेता आठ-आठ प्रश्नांच्या तीन घ्या.

दीक्षा. हा केंद्र सरकारचा मंच, २०१७ मध्ये सुरू झाला, आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की याच ॲपमध्ये त्या धड्याचं साहित्य उघडतं. दीक्षा तुमचा वर्ग चालवून देणार नाही, गृहपाठ गोळा करायला दुसरं काहीतरी लागेलच, पण धडा समजावण्याचं साहित्य म्हणून पैसे देऊन काही घेण्याआधी हे बघा. व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवता येतात आणि नंतर नेट नसताना चालतात. शाळेत वायफाय असेल तर पालकसभेच्या दिवशी आलेल्या फोनवर पुढच्या महिन्याचे दोन-तीन व्हिडिओ तिथेच उतरवून द्या, घरचा डेटा वाचतो.

झूम आणि गुगल मीट या व्हिडिओ कॉलच्या ॲपबद्दल थोडक्यात. मोफत झूम ४० मिनिटांत तुटतं, मीट तिघे किंवा जास्त असले की ६० मिनिटांत. दहावीच्या शंका सोडवायला आठवड्यातून एकदा ठीक, रोजचा वर्ग म्हणून नाही. टीम्स शाळेच्या नावाने मोफत मिळू शकतं पण ॲप जड आहे, लॅपटॉप असलेल्या शहरातल्या शाळांना सोपं जातं.

आता दोन नावं जी आपल्याकडे फार कोणी घेत नाही पण घ्यायला हवीत. मूडल हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००२ पासून, त्याच्या मोबाईल ॲपमध्ये धडे उतरवून ऑफलाईन वाचता येतात आणि शिक्षकाने परवानगी दिली असेल तर चाचणीही ऑफलाईन सोडवून नंतर रेंजमध्ये आल्यावर पाठवता येते. सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो, म्हणून मोठ्या संस्थेसाठी किंवा कॉलेजसाठी. दुसरं कोलिब्री, हे खास नेट नसलेल्या ठिकाणांसाठी बनवलेलं, मोफत. शाळेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्रावर साहित्य एकदा भरलं की वर्गातल्या वायफायवर मुलं टॅबमधून ते उघडतात, बाहेरचं नेट लागतच नाही. शाळेत टॅब धूळ खात पडले असतील आणि रेंजचं कारण सांगितलं जात असेल तर आधी हे करून बघा. साहित्य भरताना मात्र बरेच जीबी उतरवावे लागतात, तेव्हा ते तालुक्याच्या गावी चांगल्या नेटवर करून आणा, आणि मराठी साहित्य तुमच्या इयत्तेला पुरतंय का ते आधी तपासा.

चौथी पायरी: सगळ्यात साध्या फोनवर चाचणी

तुमच्या फोनवर ॲप छान चाललं याला काही अर्थ नाही. वहीतून काढलेल्या त्या तीन-चार घरांपैकी दोन पालकांना विनंती करा आणि त्यांच्या फोनवर, त्यांच्या घरी, रात्रीच्या वेळी आठवडाभर चालवून बघा. तुम्ही शेजारी बसून शिकवू नका, नुसतं बघा मूल कुठे अडतंय. पहिल्यांदा उघडायला किती वेळ लागला, पासवर्ड विसरल्यावर काय झालं, भावाचं खातं काढून बहिणीचं उघडता आलं का. मग मुद्दाम फोन फ्लाईट मोडवर टाकून बघा, जे उतरवलं होतं ते उघडतंय का.

मराठीची तपासणी वेगळी करा. ॲपमध्ये ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ॲसिड’, ‘कृष्णविवर’ असे शब्द टाईप करा आणि साध्या फोनवर ते नीट दिसतात का बघा, काही ठिकाणी जोडाक्षरं फुटतात. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका सरळ कॉपी केल्या तर तिकडे भलतीच अक्षरं दिसतात, त्या युनिकोडमध्ये करून घ्याव्या लागतात किंवा पीडीएफ करून टाकाव्या लागतात. नवीन टायपिंग करायचा कंटाळा येत असेल तर फोनच्या जीबोर्डवर मराठीत बोलून टाईप होतं, नंतर ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं.

आठवड्याच्या शेवटी पालकांना एकच विचारा, हे रोज जमेल का. त्यांनी "बघू" म्हटलं तर ते नाही समजा.

पाचवी पायरी: मुलांची माहिती आणि मुलांची सुरक्षितता

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, त्याची माहिती घ्यायची तर पालकांच्या संमतीचा विचार करावाच लागतो, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. आपल्यापुरतं याचा अर्थ असा की ॲपने आधार क्रमांक, घरचा पत्ता, फोटो मागितला तर देण्याआधी कशाला पाहिजे हे विचारायचं आणि पटलं नाही तर ते ॲप सोडायचं. पालकांकडून मराठीत लिहिलेलं साधं संमतीपत्र घ्या, कोणतं ॲप, कोणती माहिती, कशासाठी, इतकं पुरे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आणि हे मनापासून सांगते, शिक्षक आणि विद्यार्थी यांचं एकट्यातलं चॅटिंग कुठल्याही ॲपवर ठेवू नका. बोलणं पालकांच्या नंबरवर, किंवा ऑनलाईन वर्गात दुसरे शिक्षक जोडलेले असताना. रात्री नऊनंतर मेसेज नाही हा नियम दोन्हीकडून. यात शिक्षकाचंही रक्षण आहे आणि मुलींच्या आया निर्धास्त होतात.

सहावी पायरी: बदली झाली तर? ॲप बंद पडलं तर?

जिल्हा परिषदेत बदली ठरलेली आहे. वर्गाचं सगळं तुमच्या वैयक्तिक जीमेलवर उभं केलं असेल तर तुम्ही लांजाहून दापोलीला गेलात की ते तुमच्याबरोबर जातं आणि नवीन सर शून्यापासून सुरू करतात. म्हणून शाळेच्या नावाचं एक ईमेल खातं काढा, त्याचा रिकव्हरी नंबर मुख्याध्यापकांचा, पासवर्ड बंद पाकिटात कपाटात, आणि सगळे क्लास, फॉर्म, ड्राईव्ह त्यावरच. चार्ज देताना त्या खात्याचाही चार्ज द्यायचा.

ॲपही कायमची नसतात. एडमोडो जगभर किती शिक्षक वापरायचे, ते २२ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं. गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाईन फळा २०२४ संपताना गेला. म्हणून निवडतानाच विचारा की इथलं बाहेर कसं काढायचं. गुगलमध्ये टेकआऊटमधून सगळं उतरवता येतं, फॉर्मचे गुण शीटमध्ये येतात. दर सत्राच्या शेवटी गुणांची शीट आणि स्वाध्यायांच्या पीडीएफ पेन ड्राईव्हवर घ्या, आणि गुणांची एक प्रिंट फाईलला लावा, दमट हवेत पेन ड्राईव्हवरही पूर्ण भरवसा नको.

विकत ॲपवाले शाळेत येतात तेव्हा ते टॅबवर सुंदर व्हिडिओ दाखवतात. त्यांना सांगा, हाच धडा माझ्या वाडीतल्या पालकाच्या फोनवर नेट बंद करून दाखवा. दुसऱ्या वर्षी पैसे किती, करार संपल्यावर मुलांची माहिती कोण पुसणार, आणि शाळेचा खर्च होणार असेल तर प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवायचा, तिथे पालक असतात, ते नेमके प्रश्न विचारतात.

सातवी पायरी: सगळ्या शाळेने एकच धरायचं

गणिताचे सर क्लासरूमवर, विज्ञानाच्या मॅडम टेलिग्रामवर, इंग्रजीचा स्वाध्याय व्हॉट्सॲपवर असं झालं की ज्या घरात एकच फोन तासभर मिळतो तिथलं मूल शोधण्यातच तास घालवतं. स्टाफ मीटिंगमध्ये बसा, निरोपासाठी एक आणि अभ्यासासाठी एक, दोनाच्या वर नाही, आणि वर्षभर बदलायचं नाही. बहुतेक प्राथमिक शाळांना व्हॉट्सॲप अधिक दीक्षा पुरतं, माध्यमिकला व्हॉट्सॲपसोबत फॉर्म किंवा क्लासरूम.

पावसाळ्याची सोय आधीच लिहून ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात कितीतरी दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद होते, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर सरकलं. अशा वेळी कुठलाही प्लॅटफॉर्म चालत नाही, म्हणून जूनमध्येच प्रत्येक मुलाच्या हातात आठ दिवसांच्या स्वाध्यायाची छापील पानं देऊन ठेवा, वर तारीख नाही, फक्त "शाळा बंद राहिली तर" असं लिहा. त्याच्या फोटोकॉपीचा खर्च ॲपच्या खर्चाआधी धरा.

मग दिवाळीच्या सुट्टीआधी वही परत काढा. सत्रभरात कोणत्या मुलाकडून एकदाही काही आलं नाही ती नावं वेगळी लिहा, त्या घरी जाऊन कारण विचारा, आणि तशी नावं चार-पाचाच्या वर निघाली तर दुसऱ्या सत्राला प्लॅटफॉर्म बदला, मुलांना बोलू नका.